काळी एक, मिनिटाला १३० ठोके

भोर-वेल्ह्याकडं ‘डीजे’ हा माणूस नसतो, ती वस्तू असते. ‘डीजे आला’ म्हणजे टेम्पोवर रचलेली स्पीकरची भिंत आली. लॅपटॉप घेऊन बसलेला पोरगा तो ‘ऑपरेटर’. लंडनच्या क्लबमधल्या डीजेला हे सांगितलं तर बिचारा खाली उतरून स्वतःची चाकं शोधेल.

त्या लंडनवाल्यांचं लाडकं संगीत म्हणजे यूके गॅरेज. नावात मोटारीचं काही नाही. न्यूयॉर्कच्या ‘पॅरडाइज गॅरेज’ या क्लबवरून ते आलं. १९९०च्या दशकात लंडनचे डीजे अमेरिकेतून आलेल्या तबकड्या जरा जोरात फिरवायचे, मिनिटाला १३० ठोक्यांच्या आसपास. पण तबकडी पळवली की सूरही चढतो. हिशोब सोपा: वेग साधारण ६ टक्के वाढला की पट्टी एक घर वर. काळी एकचं गाणं थेट पांढरी दोनला! गाणारी बाई चिमणीसारखी चिवचिवायला लागायची, म्हणून मंडळी गाण्याऐवजी नुसत्या वाजवण्याच्या आवृत्त्या, म्हणजे ‘डब’, पसंत करायची. आता ‘की लॉक’चं बटण आहे. वेग वाढतो, बाई शाबूत राहते.

पट्टीचा प्रश्न मात्र आपल्याकडं रोजचा. भाटघरच्या पाण्याकाठच्या कुठल्याही देवळात भजनाला बसा. पेटीवाला आधी विचारणार, “बुवा, कुठली पट्टी?” बुवा खाकरणार, “काळी एक धर.” झालं! क्लबमधला डीजे हेच काम ‘कॅमेलॉट’ नावाच्या चाकावर करतो. घड्याळासारखी १२ घरं, प्रत्येकात ए आणि बी, एकूण २४. शेजारच्या घरात उडी मारली की सातातले सहा सूर तेच राहतात, म्हणून दोन गाणी एकमेकांत विरघळतात. शेजारी म्हणजे कोण? सा आणि प. तंबोरा लावणाऱ्याला हे नवं नाही.

याहून गंमत पुढं आहे. ८बी आणि ८ए या एकाच आकड्याच्या दोन घरांत सूर तेच सात, फक्त सा बदलतो. पेटीच्या नुसत्या पांढऱ्या पट्ट्या वाजवा. पांढरी एकला सा धरला तर बिलावल थाट, पांढरी सहाला धरला तर आसावरी. आपल्याकडं याला मूर्च्छना म्हणतात. डीजे म्हणतो, “मूड बदलला.” शब्द कुणाचा भारी, हे मी सांगायला नको.

लय जुळवणं त्याहून निर्दयी. एक गाणं १२८चं, दुसरं १३०चं. फरक किरकोळ वाटतो, पण पंधरा सेकंदांत ते अर्ध्या ठोक्यानं सुटतं आणि स्पीकरमधून नालाचं घोडं दगडी पायऱ्या उतरल्यासारखा आवाज येतो. वेल्ह्याच्या एका वरातीत हे झालेलं मी पाहिलंय. नाचणाऱ्यांचे हात वरच राहिले, पाय थांबले. मग हलगीवाला पुढं सरकला, दोन आवर्तनं कडकडून वाजवली आणि सगळ्यांना पुन्हा समेवर आणून सोडलं. ऑपरेटर केबल तपासत असल्यासारखं करत होता.

एक पळवाटही आहे: ६५ ठोक्यांचं संथ गाणं १३०च्या अंगावर बिनधास्त चढवता येतं. दुगुन, दुसरं काय! आणि गॅरेजची ‘टू-स्टेप’ चाल ऐकून दचकू नका. तिथं दर मात्रेवर पडणाऱ्या दमदार ठोक्यांतले काही मुद्दाम गाळतात, पाय हवेत लोंबकळतो. आपल्याकडं खालीत डग्गा गप्प होतो, साधारण तसंच.

जाता जाता वरातीचं एक गणित. १३०च्या लयीत एका ठोक्यात आवाज जवळपास १६० मीटर जातो. म्हणजे टेम्पोपासून ८० मीटर मागं नाचणाऱ्या मामांपर्यंत ठोका अर्धी मात्रा उशिरा पोचतो. पुढून बघणाऱ्याला मामा बेताल दिसतात. पण त्यांची टाळी परत पुढं यायला आणखी अर्धी मात्रा घेते, आणि टेम्पोपाशी बरोबर पुढच्या ठोक्यावर पडते. मामा दिसतात चुकीचे, ऐकू येतात बरोबर.