मुक्या जिवास आंबविलेला चहा

भाकरी पळविणाऱ्या कुत्र्यामागे तुपाची वाटी घेऊन धावणारे संत नामदेव मराठी मनात पिढ्यानपिढ्या घर करून आहेत. कोरडी भाकरी त्याला कशी रुचेल, एवढीच त्यांची चिंता. भूतदयेचा याहून सुंदर दाखला शोधून सापडावयाचा नाही. परंतु दयेपोटी आपण मुक्या जिवाच्या मुखात जे घालतो, ते त्याला मानवते काय, हा प्रश्न उरतोच. अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांत आज तो नव्या रूपाने उभा आहे.

तेथे ‘कोंबुचा’ नावाचे पेय फार लोकप्रिय झाले आहे. काळा चहा उकळून त्यात साखर घालतात. तो निवाला की विरजण म्हणून एक जाड, बुळबुळीत चकती त्यात सोडतात आणि भांड्याच्या तोंडाला कापड बांधून एक-दोन आठवडे ठेवतात. चकतीतील यीस्ट साखरेचा मद्यार्क बनविते आणि जीवाणू त्या मद्यार्काचे आम्ल करतात. काही प्राणिप्रेमी हे आंबट पेय चमचाभर कुत्र्याच्या पाण्यात घालतात, किंवा त्याच्या खाजऱ्या कातडीला लावतात. पचन सुधारते, सांधे मोकळे होतात, अशी त्यांची श्रद्धा.

या श्रद्धेला शास्त्राचा आधार किती? २००३ साली एडझार्ड अर्न्स्ट यांनी माणसांवरील पुरावा तपासला, तेव्हा गुण सिद्ध करणारा भरवशाचा प्रयोग त्यांना आढळला नाही. २०२३ साली जॉर्जटाउन विद्यापीठातील संशोधकांना मधुमेही रुग्णांची रक्तशर्करा उतरल्याचे दिसले. पण ते रुग्ण अवघे १२ होते. माणसांविषयीच पुरावा इतका तोकडा असता, कुत्र्या-मांजरांविषयी छातीठोकपणे बोलणे धाडसाचे ठरते.

उलट, सावधगिरीची कारणे पुष्कळ आहेत. एप्रिल १९९५ मध्ये आयोवा संस्थानातील एका गावी, सुमारे दोन महिने रोज कोंबुचा पिणाऱ्या दोन स्त्रिया गंभीर आजारी पडल्या. त्यांपैकी एक दगावली. दोष या पेयाचाच, असे सिद्ध झाले नाही. तरी आरोग्य खात्याने इशारा दिला. पुढे २०१० साली मद्यार्काचे प्रमाण अर्ध्या टक्क्याच्या कायदेशीर मर्यादेपलीकडे जात असल्याच्या शंकेवरून दुकानांतून बाटल्या काढून घेण्यात आल्या. घरी आंबविलेल्या पेयात तर हे प्रमाण मोजणार कोण?

कुत्र्याचा देह माणसाच्या देहाची लहान आवृत्ती नव्हे. चहातील कॅफीन कुत्र्यामांजरांना अधिक बाधते. कुत्र्याच्या दर किलो वजनामागे सुमारे २० मिलिग्रॅम कॅफीन गेले, तर अस्वस्थता, वांती, धडधड दिसू लागते. तीन किलोच्या पिलास ६० मिलिग्रॅम पुरेत. चमचाभर कोंबुचात इतके कॅफीन नसते हे खरे. पण मद्यार्काचेही भय आहे, आणि स्वादासाठी द्राक्षे किंवा झायलिटॉल नावाची गोडी घातली असेल, तर कुत्र्याच्या जिवावर बेतू शकते. शिवाय खाज कधी पिसवांची, कधी खरजेची. चहाच्या नादात खरा उपचार लांबणीवर पडतो.

अमेरिकेच्या कायद्यानेही येथे भेद केला आहे. १९९४ साली माणसांच्या पूरक आहाराला जी सवलत मिळाली, ती प्राण्यांच्या पदार्थांना लागू नाही, असे तेथील अन्न व औषध प्रशासनाने १९९६ साली जाहीर केले. माणूस स्वतःच्या इच्छेने पितो आणि त्रास झाला तर सांगतो. मुका जीव दोन्ही करू शकत नाही.

आज अशी वार्ता क्षणात समुद्र ओलांडते, आणि चहा तर मॉरिशसमध्ये बोआ शेरीच्या मळ्यांतही पिकतो. कराराने बांधून आलेल्या पूर्वजांनी हळद, सुंठ, तुळस यांचे गुण पिढ्यांच्या अनुभवाने जाणले होते. त्या घरगुती ज्ञानाचा आदर राखावा. परंतु ‘नैसर्गिक’ या एका शब्दावर भाळून मुक्या जिवावर प्रयोग करू नये. घरचे कुत्रे खंगले, तर प्रथम पशुवैद्याचा उंबरठा गाठावा. वाटी घेऊन धावण्यापूर्वी तीत काय आहे ते पाहणे, हीही भूतदयाच होय.