कोड उघडा, म्हणून खतावणी उघडी नाही

ऑक्टोबर छाटणी तोंडावर आली की पलूसच्या कृषी सेवा केंद्रांत द्राक्षबागांच्या औषधांची खोकी येऊन पडतात. प्रत्येक बाटलीवर बॅच नंबर आणि मुदत असते. लवकर मुदत संपणारी बॅच आधी विकली गेली नाही, तर तोटा दुकानदाराच्या अंगावर. हा हिशेब ठेवायला ईआरपीनेक्स्टसारखं ओपन सोर्स सॉफ्टवेअर सुचवलं, की ठरलेली शंका येते: कोड सगळ्यांना दिसतो, मग माझी खरेदी, माझी उधारीही दिसणारच! किती वेळा सांगायचं, हे साफ चूक आहे. कोड म्हणजे कोरी छापील खतावणी. तिचे रकाने गावाला ठाऊक असले, तरी तुम्ही त्यात काय लिहिलंत ते शेजाऱ्याला कळत नाही. मुंबईच्या फ्रापे कंपनीने ईआरपीनेक्स्टचा कोड जीपीएल परवान्याखाली खुला ठेवला आहे. तुमच्या नोंदी मात्र तुमच्या संगणकावर किंवा भाड्याच्या सर्व्हरवर, पासवर्डमागे राहतात. तो पासवर्ड दुकानाच्या नावाचाच ठेवला, तर दोष कोडचा नव्हे.

चोरही कोड वाचून त्यातली फट शोधेल, हा आक्षेप मात्र रास्त आहे. डिसेंबर २०२१ मध्ये लॉगफोरजे या ओपन सोर्स घटकात गंभीर फट उघड झाली आणि तिच्यावरची दुरुस्तीही लगेच आली. पण मे २०१७ मध्ये वॉनाक्राय या खंडणीखोर सॉफ्टवेअरने जगभर संगणक अडवले, ते विंडोजचे, म्हणजे बंद कोडचे. त्यातल्या फटीवरची दुरुस्ती मायक्रोसॉफ्टने मार्चमध्येच दिली होती. दोन्ही वेळा धोका राहिला तो अपडेट न करणाऱ्यांना. 'क्रॅक' केलेली बिलिंगची प्रत वापरणाऱ्याला तर अधिकृत अपडेट मिळतच नाही, आणि तीच सुरक्षित समजली जाते!

बाकीचे समज थोडक्यात. सगळं फुकट? परवाना फुकट, सर्व्हर, बसवणं आणि सुरुवातीच्या मालाची नोंद यांना पैसे पडतात. जीएसटी जमत नाही? ईआरपीनेक्स्टसाठी 'इंडिया कंप्लायन्स' हे ॲप आहे. एकदा घेतलं की दुसरी नोंदच नको? अनुदानित खताची विक्री सरकारी पॉस यंत्रावर नोंदवावीच लागते. कंपनी बुडाली की हिशेब बुडाला? कोड हाती असल्याने दुसरा जाणकार तो सांभाळू शकतो. जीएसटी कायद्यानुसार वार्षिक विवरणपत्राच्या अंतिम तारखेपासून ७२ महिने हिशेब जपायचा असतो, तेव्हा ही सोय लहान नव्हे. म्हणून सॉफ्टवेअर बसवून देणाऱ्याला आधी दोन गोष्टी विचाराव्यात: अपडेट कोण करणार आणि बॅकअप कुठे राहणार. मग तो बॅकअप दुसऱ्या संगणकावर उघडून दाखवायला सांगावं. शिल्लक माल आणि बॅचच्या मुदती जुळल्या, तरच पैशाचं बोलावं.