सोलरची सफाई : प्लंबर बांधवांना हक्काचे काम

मुळशी तालुक्यात हिंजवडी, पिरंगुट भागात अनेक गच्च्यांवर सोलर बंब दिसतात. बोअरचे पाणी जड असले की टाकीत व काचेच्या नळ्यांत क्षारांचा थर बसतो, पाणी नीट तापत नाही. गिऱ्हाईक नवा बंब घ्यायला निघते; पुष्कळदा नुसती सफाई पुरते.

आमच्या प्लंबर बांधवांनी हे काम हाती घ्यावे. पहाटे सुरुवात करून नळ्या ताडपत्रीने झाकाव्यात. आवकेचा कॉक बंद करून टाकी रिकामी करावी, नळ्या उतरवाव्यात. सायट्रिक अ‍ॅसिडच्या सौम्य द्रावणाने थर सोडवून स्वच्छ पाणी येईपर्यंत धुवावे. उन्हात तापलेल्या रिकाम्या नळीत थंड पाणी सोडल्यास ती तडकते. भुर्दंड कारागिरालाच बसतो.

सफाईने भागत असता नवा माल गिऱ्हाइकाच्या गळ्यात मारू नये. हलाल रोजीची बरकत सचोटीतच आहे.