फौजेतून परतल्यावर : उद्योगाच्या अनुदानाचा हिशेब

भारतीय फौजेतला साधा शिपाई अठरा-वीस वर्षांचा असताना भरती होतो आणि पस्तिशी-चाळिशीतच पेन्शन घेऊन गावी परततो. असे सुमारे 60,000 जवान दर वर्षी निवृत्त होतात. मुले अजून शाळेत असतात, अंगात बळ असते. पेन्शनवर घर जेमतेम चालते. मग मनात येते, एखादी पिठाची गिरणी, काजूचा कारखाना किंवा गाड्या दुरुस्तीचे गॅरेज काढावे. भांडवल कोठून आणायचे, हा मात्र प्रश्न असतो.

आपल्या मॉरिशसमध्ये उभे सैन्य नाही. स्पेशल मोबाइल फोर्स आहे, तीही पोलिसांच्या अंमलाखाली. त्यामुळे हा प्रश्न आपल्याला दूरचा वाटेल. परंतु ज्या रत्नागिरी-साताऱ्याकडून आपले पूर्वज गलबतांत बसून इकडे आले, तिकडच्या कित्येक घरांतला तो आजचा प्रश्न आहे. सातारा जिल्ह्यातल्या अपशिंगे गावाला लोक ‘मिलिटरी अपशिंगे’ असेच म्हणतात. पहिल्या महायुद्धात त्या एका गावाचे 46 जवान कामी आले.

माजी सैनिकाला सरकारी अनुदान मिळण्याचा एक मोठा रस्ता म्हणजे पंतप्रधान रोजगार निर्मिती कार्यक्रम. जुन्या दोन योजना एकत्र करून तो 2008 साली सुरू झाला आणि खादी व ग्रामोद्योग आयोगामार्फत चालवला गेला. 2022 साली त्याची मुदत 2025-26 पर्यंत वाढवली, तेव्हा प्रकल्पाची मर्यादा कारखानदारीला 50 लाख आणि सेवा उद्योगाला 20 लाख रुपये झाली. (रुपये अर्थातच भारतातले, आपले नव्हेत.) पुढचे आकडे त्या नियमांचे आहेत. अर्ज करणाऱ्याने त्या त्या वर्षीचे नियम आधी जिल्हा उद्योग केंद्रात विचारून घ्यावेत.

आता हिशेब पाहू. खेड्यात 10 लाखांचा कारखाना काढायचा आहे असे धरा. सर्वसाधारण माणसाला पदरचे 1 लाख घालावे लागतात आणि अनुदान अडीच लाख मिळते. माजी सैनिक विशेष गटात मोडतो. त्याला पदरचे 50,000 पुरतात आणि अनुदान साडेतीन लाख मिळते. शहरात हेच अनुदान शेकडा 35 ऐवजी 25 होते. म्हणून गावाकडे परतणाऱ्या जवानाला खेडेच फायद्याचे. वयाची वरची मर्यादा या योजनेत नाही. जमिनीची किंमत मात्र प्रकल्पात धरता येत नाही.

येथवर सारे गोड आहे. पण बहुतेकांची समजूत अशी असते की अनुदान म्हणजे हातात पडणारी रक्कम. तसे ते मुळीच नाही. आपल्या उदाहरणात बँक आधी साडेनऊ लाखांचे कर्ज देते. सरकारचे साडेतीन लाख बँकेकडे येतात आणि त्या माणसाच्या नावे तीन वर्षे ठेव म्हणून अडकून राहतात. त्या ठेवीवर व्याज मिळत नाही आणि कर्जाच्या तेवढ्या भागावर व्याज लागतही नाही. म्हणजे व्याज पडते ते 6 लाखांवर. तीन वर्षांनी जागेवर जाऊन तपासणी होते, उद्योग चालू दिसला की ठेव कर्जात वळती होते.

थोडक्यात, बँकेने कर्ज नाकारले तर अनुदानही नाही. सरकारी कचेरी अर्ज पुढे पाठवते, निर्णय बँकेचा असतो. 10 लाखांपर्यंतच्या कर्जाला तारण मागू नये असा नियम आहे, तो अर्जदाराला पाठ असलेला बरा. बँकेच्या साहेबाला पदके दाखवून उपयोग नाही. माल कोण घेणार, कच्चा माल कोठून येणार, महिन्याचा हप्ता कशातून फिटणार, हे त्याला कागदावर हवे असते. माझ्या मते सहा महिने आधी, नोकरीत असतानाच, हा कागद करायला घ्यावा.

याउलट घडते ते असे. निवृत्तीच्या वेळी जवानाला निम्म्यापर्यंत पेन्शन विकून एकरकमी पैसा घेता येतो. तो हाती आला की उत्साहाने यंत्रे घेतली जातात, दुकान उघडते आणि मग अनुदानाची चौकशी सुरू होते. पण ही योजना फक्त नव्या उद्योगाला आहे, आधीच चालू केलेल्याला नाही. विकलेली पेन्शन तर 15 वर्षांनी पूर्ववत होते!

दुसरा खड्डा दलालांचा. “साहेब, तुमचे काम करून देतो,” म्हणत टक्केवारी मागणारा माणूस भेटतोच. योजनेने एकही दलाल नेमलेला नाही आणि अर्जाला फी नाही. डिस्चार्ज बुक व पेन्शनचे कागद घेऊन जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयात जावे, तेथे माजी सैनिकाचे ओळखपत्र मिळते. जवान हयात नसेल तर त्याची पत्नी स्त्री म्हणून त्याच विशेष गटात येते. हे कित्येक घरांत माहीत नसते. मात्र पती-पत्नी मिळून एका कुटुंबाला एकच प्रकल्प मिळतो.

काळजी वाटते ती नव्या मुलांची. 2022 साली अग्निपथ योजना आली. तिच्यातला अग्निवीर चार वर्षे नोकरी करतो. चौघांतला फार तर एक जण कायम राहतो. बाकीच्यांना सुमारे 11.71 लाख रुपयांचा सेवा निधी देऊन निरोप मिळतो, पेन्शन नाही. शिवाय योजनेच्या मूळ अटींप्रमाणे त्यांना माजी सैनिकाचा दर्जा नाही. म्हणजे वर सांगितलेली शेकडा 35 ची सवलत त्या नावाने मागता येणार नाही. पहिली तुकडी 2023 च्या जानेवारीत प्रशिक्षणाला दाखल झाली. तिची चार वर्षे 2027 च्या आरंभाला भरतात. तेव्हा पंचविशीच्या आतबाहेरची ही मुले एकरकमी पैसा घेऊन गावोगाव उतरतील, आणि ते दलाल त्यांच्या आधीच स्टँडवर येऊन उभे असतील.