लहान उद्योगास ओळख व मार्गदर्शन : उपयोग आणि मर्यादा

कर्जत व खालापूर हे रायगड जिल्ह्यातील, किनाऱ्यापासून आत सह्याद्रीच्या पायथ्याशी वसलेले तालुके होत. खरिपात भात, वरकस जमिनीवर नाचणी व वरी, आणि भात निघाल्यावर जमिनीतील ओलीवर वाल, ही येथील जुनी पीकरचना आहे. कर्जत व खोपोली येथून मुंबईस उपनगरी गाड्या जातात आणि मुंबई-पुणे मार्ग खालापूर तालुक्यातून जातो. त्यामुळे बाजारपेठ जवळ आहे. परंतु बाजारपेठ जवळ असणे निराळे आणि बाजारपेठेत आपले गिऱ्हाईक असणे निराळे. भाताचे कोणते बी पेरावे हे विचारण्यास कर्जतचे भात संशोधन केंद्र 1919 पासून आहे. मात्र नाचणीचा पापड कोणत्या दराने व कोणास विकावा, हे विचारावयाचे झाल्यास गावातील भगिनींना जवळचे माणूस सहसा सापडत नाही.

ही उणीव भरून काढण्यासाठी प्रयत्न झालेले आहेत. नाबार्डने 1992 साली बचतगटांना बँकांशी जोडण्याचे कार्य हाती घेतले. महाराष्ट्रात 2011 पासून ‘उमेद’ अभियानाद्वारे गट, ग्रामसंघ व प्रभागसंघ अशी रचना उभी राहिली. प्रशिक्षण वर्ग, मेळावे व प्रदर्शने भरू लागली. तरीही पुष्कळदा असे घडते की, प्रशिक्षणाचे प्रमाणपत्र भिंतीवर लागते, मेळाव्यातून आणलेले पत्ते डब्यात पडून राहतात आणि धंदा होता तेथेच राहतो. याचा दोष केवळ भगिनींच्या अंगी किंवा केवळ प्रशिक्षणाच्या माथी मारणे योग्य नव्हे. ओळख व मार्गदर्शन यांपासून काय मिळू शकते आणि काय मिळू शकत नाही, हे आधी समजून घेतले पाहिजे.

ओळख कशास म्हणावे?

मेळाव्यात शंभर माणसे भेटली म्हणजे शंभर ओळखी झाल्या असे नव्हे. धंद्याच्या दृष्टीने तीनच ओळखी उपयोगी पडतात : माल घेणाऱ्याची, कच्चा माल देणाऱ्याची आणि तोच धंदा करणाऱ्या दुसऱ्या उत्पादकाची. दुकानदार भेटल्यास त्यास माल किती व किती दिवसांनी लागेल, पुडी किती वजनाची हवी आणि पैसे केव्हा मिळतील, हे तेथेच विचारून वहीत लिहावे. आठ दिवसांच्या आत नमुना पोहोचवावा. पहिला पुरवठा थोडाच करावा, पण ठरल्या दिवशी करावा. सर्व माल एकाच दुकानदारास उधारीवर देणे धोक्याचे आहे. त्याचे पैसे अडकले की गटाचे भांडवल अडकते आणि बँकेचा हप्ता मात्र थांबत नाही.

मार्गदर्शन केव्हा फळास येते?

याविषयी अन्यत्र झालेले दोन अभ्यास येथील कार्यकर्त्यांनी ध्यानात घेण्यासारखे आहेत. अहमदाबाद येथील ‘सेवा’ बँकेच्या खातेदार भगिनींना दोन दिवसांचे व्यवसाय-प्रशिक्षण देण्यात आले. काहींना एकटीने बोलावले, तर काहींना मैत्रीण बरोबर आणण्यास सांगितले. 2016 साली प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांनुसार मैत्रिणीसह आलेल्यांनी धंद्यासाठी अधिक कर्ज घेतले व त्यांच्या घरचे उत्पन्नही वाढलेले आढळले. एकट्या आलेल्यांत तसा फरक दिसला नाही. 

दुसरा अभ्यास केनिया देशातील नैरोबी शहराच्या दांडोरा वस्तीतला असून तो 2018 साली प्रसिद्ध झाला. तेथे काही तरुण स्त्री-व्यावसायिकांना वर्गात शिक्षण दिले, तर काहींची गाठ त्याच वस्तीतील अनुभवी व्यावसायिक स्त्रीशी घालून दिली. वर्गामुळे नफा वाढला नाही. अनुभवी स्त्रीच्या सल्ल्याने तो सरासरी सुमारे 20 टक्के वाढला. माल स्वस्त कोठे मिळतो, ही स्थानिक माहिती त्यात मोलाची ठरली. मात्र भेटी थांबल्यावर हा लाभही ओसरत गेला.

यावरून बोध असा की, दूरच्या व्याख्यात्यापेक्षा शेजारच्या वाडीतील जाणती भगिनी अधिक उपयोगी पडू शकते. परंतु तिचे येणे-जाणे चालू राहिले पाहिजे.

प्रथम हिशेब

जाणत्या मार्गदर्शकाने प्रथम वही पाहावी. उदाहरणार्थ, चार भगिनींनी एक दिवस खपून 10 किलो पापड केले व ते 300 रुपये किलोने विकले, असे धरू. हाती 3,000 रुपये आले. कच्च्या मालाचे 1,400, सरपण व पुड्यांचे 300 आणि प्रवासाचे 200 वजा जाता 1,100 रुपये उरले. गटास तो नफा वाटतो. परंतु त्या दिवशी अन्यत्र प्रत्येकीस 300 रुपये मजुरी मिळाली असती, तर चौघींची मजुरी 1,200 रुपये होते. म्हणजे या धंद्यात 100 रुपये तोटाच आहे. येथे नव्या मेळाव्याने भागणार नाही; दर, खर्च किंवा पदार्थ बदलावा लागेल. ही गोष्ट कर्ज घेण्यापूर्वी कळणे हेच मार्गदर्शनाचे मोठे फळ होय.

सावधगिरी

‘अनुदान मिळवून देतो’, ‘हमखास धंदा वाढवून देतो’ असे सांगून आगाऊ पैसे मागणाऱ्यांपासून दूर राहावे. 1 जुलै 2020 पासून सुरू झालेल्या ‘उद्यम’ नोंदणीस सरकारी संकेतस्थळावर कोणतेही शुल्क नाही. अनुदान मिळाले तरी कर्जाचा उरलेला भाग फेडावाच लागतो, हेही विसरू नये.

कार्यकर्त्यांचे काम

भात लावणी व कापणीच्या दिवसांत प्रशिक्षण ठेवू नये. त्या दिवसांची मजुरी बुडवून येणे गरीब घरास परवडत नाही. प्रत्येक गावातून किमान दोघींना एकत्र बोलवावे. प्रशिक्षणानंतर महिन्यातून एकदा गटाच्या दारी जाऊन वही पाहावी. मेळावा झाल्यावर किती जण आले याची नोंद करून थांबू नये. तीन महिन्यांनी कोणास किती मालाची मागणी आली, पैसे वेळेवर मिळाले की नाही आणि मजुरी वजा जाता काय उरले, हे लिहून ठेवावे. या तीन प्रश्नांची उत्तरे समाधानकारक असतील, तरच ओळख कामी आली व मार्गदर्शन रुजले असे समजावे.