घाट चढवणारी स्वस्त सायकल

कोकण किनाऱ्याने सायकलवरून जायचा बेत ठरतो आणि सायकल कुठली घ्यायची या प्रश्नावर येऊन मोडतो. खास सफरीसाठी बांधलेल्या परदेशी सायकलींच्या किमती लाखाच्या घरात जातात. दहा-बारा हजारांत मिळते ती जाड टायरची, शॉकअपची, नळीवर ‘२१ गिअर’ असं ठसठशीत लिहिलेली सायकल. विद्यार्थ्याला किंवा नुकत्याच नोकरीला लागलेल्या मुलीला पहिली परवडत नाही आणि दुसरी दोन दिवसांत दमवते. माझ्या मते या दोन्हींपेक्षा शहाणपणाचा एक मार्ग आहे. शॉकअप नसलेल्या साध्या चिमट्याची, गिअरची जुनी सायकल घ्यावी आणि वाचलेले पैसे हलका गिअर, मजबूत मागचं चाक आणि अंगाला बसणारं माप या तीन गोष्टींवर घालावेत. बाकी सगळ्यावर काटकसर चालते, या तिन्हींवर चालत नाही.

गिअरचा मुद्दा आकड्यांत मांडला की लख्ख दिसतो. चालवणारा ६५ किलोचा, सायकल १५ किलोची आणि सामान १२ किलो, असं ९२ किलो वजन धरू. चढ सात टक्के, म्हणजे शंभर मीटर पुढे गेल्यावर सात मीटर वर. आपल्या घाटांत असे तुकडे पुष्कळ आहेत. बेताची ताकद असलेला माणूस बराच वेळ टिकवू शकेल असा जोर साधारण १०० वॅटचा. एवढ्या जोरावर त्या चढाला ताशी पाच किलोमीटरचाच वेग निघतो. आता साध्या काळ्या सायकलीला पुढे ४४ आणि मागे १८ दाते असतात, त्यामुळे पेडलच्या एका फेऱ्यात चाक जवळजवळ अडीच वेळा फिरतं. ताशी पाचच्या वेगाला मिनिटात पेडलचे जेमतेम पंधरा-सोळा फेरे पडतात. सगळं वजन टाकून उभं राहिलं तरी पेडल धड खाली जात नाही, गुडघे बोलू लागतात आणि माणूस उतरून ढकलायला लागतो. पुढे २८ आणि मागे २८ दाते असले तर सव्वीस इंची चाकाला त्याच वेगात चाळीस फेरे पडतात. पुढे २४ आणि मागे ३४ असले तर सत्तावन्न. एवढ्या फेऱ्यांना बसल्या जागी, धाप न लागू देता घाट चढता येतो. फरक पडला तो फक्त दात्यांचा. ताकद तीच, वजन तेच.

म्हणून ‘२१ गिअर’ हा आकडा पाहून काही ठरवू नये. पुढे तीन चक्रं, मागे सात, त्यांचा तो गुणाकार. त्यातले बरेच गिअर एकमेकांना खेटूनच असतात. पुढच्या सर्वांत लहान आणि मागच्या सर्वांत मोठ्या चक्राचे दाते मोजावेत. मागचे निदान पुढच्याइतके तरी हवेत, जास्त असले तर उत्तम. कमी पडले तर १४ ते ३४ दात्यांचं फ्री-व्हील बसवून घेता येतं. फक्त मागचं डिरेलर, म्हणजे चेन एका चक्रावरून दुसऱ्यावर नेणारा भाग, तेवढं मोठं चक्र पेलेल का, हे आधी मेकॅनिककडून पाहून घ्यावं.

यावर एक हरकत येईल आणि ती हसण्यावारी नेण्यासारखी नाही. अदी हकीम, जाल बापासोला आणि रुस्तम भुमगरा हे पारशी तरुण १९२३ साली मुंबईहून सायकलींवर निघाले आणि पृथ्वीप्रदक्षिणा करून १९२८ साली परतले. आयर्लंडच्या डर्व्हला मर्फी १९६३ मध्ये सायकलने भारतात आल्या. वाटेतल्या रस्त्यांवर टिकणार नाहीत म्हणून त्यांनी आपल्या सायकलीचे तीन गिअर निघण्यापूर्वीच काढून टाकले होते. मग आपल्यालाच गिअर कशाला? मर्फींचा निर्णय त्या काळाला बरोबर होता, कारण बिघडलेला गिअर दुरुस्त करणारा माणूस वाटेत भेटायची शाश्वती नव्हती. आज साधे गिअर दुरुस्त करणारा मेकॅनिक बहुतेक तालुक्याच्या गावी सापडतो. शिवाय या मंडळींच्या हाताशी महिने किंवा वर्षं होती, दिवाळीची चार दिवसांची सुट्टी नव्हे. सोलापूर-पंढरपूरच्या सपाटीवर काळी सायकल आजही खुशाल न्यावी. किनाऱ्याची गोष्ट निराळी. दाभोळहून धोपाव्याला किंवा तवसाळहून जयगडला फेरीबोटीने खाडी ओलांडली की चढ सुरू होतो, आणि सड्यावरून थोडं पुढे जावं तर पुन्हा पुढच्या खाडीकडे उतार.

दुसरी हरकत नव्या सायकलीच्या वॉरंटीची. वॉरंटी फ्रेमची असते, आणि वाटेत फ्रेम क्वचितच दगा देते. दगा देतं मागचं चाक. माणसाचं निम्म्याहून जास्त वजन आणि कॅरिअरवरचं सगळं सामान त्याच्यावर येतं. ढिले राहिलेले आरे दर फेऱ्याला ताण खातात आणि एक दिवस फ्री-व्हीलच्या बाजूचा आरा तुटतो. चाकाच्या एकाच बाजूचे आरे बोटाने छेडून पाहावेत. आवाज साधारण सारखा यायला हवा. एखादा भद्द वाजला तर तो ढिला आहे. चांगल्या मेकॅनिककडून चाकाचा आऊट काढून सगळे आरे नीट ताणून घेणं हा सफरीवरचा सर्वांत सार्थकी लागणारा खर्च. उलट स्वस्त शॉकअप चिमट्याचं वजन किलो-दीड किलोने वाढवतो आणि उभं राहून चढताना जोर गिळतो. मागेही शॉकअप असेल तर धड कॅरिअर बसवणं कठीण.

फ्रेम पोलादाची की अ‍ॅल्युमिनियमची, हा वाद मला फुगवलेला वाटतो. पोलाद गावच्या वेल्डरकडे जोडता येतं हे खरं, पण मागच्या एक्सलजवळ कॅरिअरचे बोल्ट बसवायची भोकं आहेत का, हे त्याहून महत्त्वाचं. वजनाचंही तसंच. तीन किलो हलक्या सायकलीसाठी दुप्पट पैसे मोजून वरच्या हिशेबातले ९२ किलो ८९ होतात. घाटात तेवढाच फरक पडतो. माप मात्र पैशांनी नंतर सुधारत नाही. सायकलीवर दोन्ही पाय टेकून उभं राहिल्यावर वरची नळी अंगाला टेकता कामा नये, आणि टाच खालच्या पेडलवर ठेवली की पाय सरळ व्हायला हवा.

जुनी सायकल घेताना फूटपट्टी बरोबर न्या. चेनची एक पिन शून्यावर धरली की बारा इंचांवर दुसऱ्या पिनचा मध्य यायला हवा. तो इंचाच्या आठव्या भागाइतका पुढे सरकला असेल तर चेन आणि बहुधा फ्री-व्हीलही बदलावं लागेल. तेवढे पैसे किमतीतून कमी करायला सांगा. पुढच्या नळीच्या जोडांवर रंगाखाली चीर दिसली तर व्यवहार तिथेच थांबवा. मूळ पावती मागा. ती नसेल तर पेडलच्या एक्सलखाली कोरलेला फ्रेमचा नंबर कागदावर उतरवून त्यावर विकणाऱ्याची सही घ्या. नंबर खरवडलेला असेल, तर सायकल कितीही स्वस्त असली तरी घेऊ नका.