डोळ्यांचं ऊन सकाळी नऊचं

कोकणातल्या दांडीच्या किनाऱ्यावर रापण ओढणाऱ्या एखाद्या जुन्या मच्छीमाराचे डोळे जवळून बघा. नाकाच्या बाजूने निघून बुबुळाकडे सरकणारा गुलाबीसर, मांसल त्रिकोण दिसला तर नवल नाही. डॉक्टर त्याला टेरिजियम म्हणतात. दोष दिला जातो वाऱ्याला, वाळूला. तो अगदीच खोटा नाही, पण मुख्य आरोपी म्हणजे उन्हातले अतिनील किरण.

पण मांस बहुधा नाकाच्याच बाजूला का वाढतं? ऑस्ट्रेलियातले नेत्रतज्ज्ञ मिनास कोरोनिओ यांनी याची उकल मांडली. कानशिलाकडून तिरपे आलेले किरण बुबुळावरच्या पारदर्शक पटलात वळतात आणि भिंगातून गेल्यासारखे समोरच्या, नाकाकडच्या कडेवर एकवटतात. ऊन लागतं एका बाजूला, भाजते दुसरी.

म्हणूनच ‘दुपारचं ऊन वाईट’ हा हिशेब डोळ्यांना लागू पडत नाही. माथ्यावरचं ऊन भुवया अडवतात; तिरपं ऊन थेट आत शिरतं. जपानमधल्या कानाझावाच्या संशोधकांनी पुतळ्याच्या डोळ्यांत सेन्सर बसवून २०११ साली दाखवलं, की हिवाळा सोडला तर सूर्याकडे तोंड केलेल्या डोळ्यांवर सर्वाधिक मारा सकाळी आठ ते दहा आणि दुपारी दोन ते चार या वेळांत होतो. त्यात कोरडी वाळू सुमारे १५ टक्के, लाटांचा फेस सुमारे २५ टक्के अतिनील किरण परत फेकतो. खालून येणाऱ्या या किरणांपुढे टोपी काय करणार?

परदेशात कातडी रापवायला लोक पैसे मोजून अतिनील दिव्यांच्या पेटीत झोपतात. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संस्थेने २००९ मध्ये या पेट्यांना कर्करोगकारकांच्या पहिल्या गटात टाकलं. अमेरिकेत पेटीसोबत डोळ्यांवरची झाकणं सक्तीची आहेत, कारण नुसत्या मिटलेल्या पापण्या पुरत नाहीत. आपल्याकडे ऊन फुकट, झाकण ज्याचं त्याने बघायचं.

तारकर्लीला हौसेने घेतलेला काळा गॉगल हे झाकण असेलच असं नाही. काच नुसतीच काळी असेल तर अंधारामुळे बाहुली मोठी होते आणि अतिनील किरणांना रस्ता मोकळा. त्यापेक्षा बिनरंगी पॉलिकार्बोनेट काच भरवशाची. घेताना काच अतिनील किरण अडवणारी, ‘यूव्ही ४००’ आहे का विचारा, कडा कानशिलापर्यंत वळलेल्या घ्या आणि अतिनील किरण मोजणारा मीटर असलेल्या चष्म्याच्या दुकानात तपासून घ्या. मिनिटभराचं काम आहे. मांस बुबुळावर चढू लागलं असेल तर डॉक्टरांकडे जाच. शस्त्रक्रियेने ते निघतं, पण पुन्हा उगवूही शकतं; गॉगल त्यानंतरही लागतोच.